राखीव कबुतर

१

शनिवार. दुपारचे चार वाजून वीस मिनिटं. तीन मजली इमारत, तिसरा मजला, गच्चीच्या बरोबर खालचं स्वयंपाकघर. भिंतीवरची पितळी घंटी वाजली. एकदाच.

शनिवारी कचेरी अर्धा दिवस असायची. सून दुपारी घरी यायची, दोघांची जेवणं उरकायची आणि चहाची वेळ होईपर्यंत भांडी घासत बसायची. सासरे बाहेरच्या खोलीत वेताच्या खुर्चीत मान टाकून झोपलेले असायचे. त्या दिवशीही सगळं तसंच होतं. घंटी ऐकली आणि तिचे हात डोक्याच्या आधी हलले. पेला खाली ठेवला, बोटं फडक्याला पुसली, जिन्याकडे दोन पावलं टाकली. मग ती जागच्या जागी थांबली.

त्या घंटीला अकरा वर्षांत कुणी हात लावला नव्हता. ती वाजायची तर वरून तार ओढली जायला हवी, आणि तार ओढली जायची तर गच्चीवर ढाबळ हवी. ढाबळ म्हणजे कबुतरांचं लाकडी घर. तिच्या तोंडाशी तारांची झडप होती. बाहेरून परतलेलं कबुतर झडप ढकलून आत शिरलं की खाली स्वयंपाकघरात घंटी वाजायची. ढाबळ अकरा वर्षांपूर्वी उचलून नेली, झडपही तिच्याबरोबर गेली. तार तेवढी राहिली होती, कठड्याच्या कडीला पीळ देऊन बांधलेली, गंजून तपकिरी झालेली.

उंदीर असेल, ती मनाशी म्हणाली.

बाहेर खुर्ची करकरली. "आलं," सासरे म्हणाले. दूध उतू आलं म्हणावं, इतक्या साध्या आवाजात.

"काय आलं, बाबा?"

"घंटी वाजली ना? मग काय पोस्टमन वरून उतरला?" ते चपला शोधत होते. "डबा दे दाण्यांचा."

दाण्यांचा डबा. तोही अकरा वर्षं रोज सकाळी गच्चीवर जायचा आणि रात्री खाली यायचा. कबुतरं नाहीत तरी दाणे. म्हाताऱ्या माणसाचा चाळा म्हणून तिने कधी अडवलं नव्हतं.

२

लढाई चालू होती तेव्हा ही इमारत लष्कराकडे होती. खाली गोदाम, मधल्या मजल्यावर कारकून, वर ढाबळवाला आणि त्याचं कुटुंब. ढाबळवाले म्हणजे हेच सासरे. कबुतरं त्यांची आणि मुलगाही त्यांचाच. मुलाला घरी सगळे घुम्या म्हणत, कारण बोलायचा कमी. टेकडीवरच्या चौकीत त्याला धरून सव्वीस माणसं होती. निरोप पाठवायचं काम घुम्याकडे होतं. टेलिफोनची तार शाबूत असेल तोवर तार, ती तुटली की कबुतरं. वेताच्या टोपलीत चार कबुतरं घेऊन तो चौकीवर गेला.

चार कबुतरांचा नियम ढाबळवाल्यानेच घालून दिलेला. तीन वापरायची, चौथं राखीव. चौकी सोडायची वेळ आलीच तर सगळी माणसं निघाल्यावर चौथं सोडायचं. जो ते सोडतो तो शेवटी निघतो.

घुम्या गेल्याच्या तिसऱ्या दिवशी वरून कागद आला. ढाबळ आज संध्याकाळच्या आत अठरा मैल मागे न्यावी. शत्रूच्या तोफा जवळ आल्या होत्या, साहेबांना आपली कचेरी मागे हलवायची होती आणि कचेरीबरोबर कबुतरंही हलवायची होती. ढाबळवाला कागद घेऊन साहेबांसमोर उभा राहिला. म्हणाला, "साहेब, कबुतर ढाबळीला घर मानत नाही, जागेला मानतं. नव्या जागेची सवय लावायला तीन आठवडे लागतात. टेकडीवरची चार कबुतरं इथेच येतील, याच गच्चीवर. आणि इथे कोणी नसेल."

साहेब म्हणाले, "मग त्यांना कळवा, पत्ता बदललाय म्हणून." टेबलाभोवतीचे चौघे हसले. त्या चौघांनाही पुढे बढती मिळाली.

सून त्या वेळी बावीस वर्षांची होती. सासरे नसले की घंटी ऐकून वर जायचं, कबुतराच्या पायातली नळी काढायची, चिठ्ठी खाली द्यायची, हे काम तिचं होतं. ती म्हणाली होती, मी एकटी राहते इथे, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. लॉरीवाला भोंगा वाजवत होता. सासरे म्हणाले, तोफा आहेत, वेडी का तू. ती चढली. लॉरी सुटली तेव्हा फाटकावरच्या घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

टेकडी पडली. सव्वीसांपैकी एकाचंही प्रेत मिळालं नाही. सरकारी कागदावर ओळ आली ती अशी: चौकी आदेशाविना सोडली. नाक्यावर दगड उभारला, त्यावर सगळ्या पलटणीची नावं कोरली. ही सव्वीस सोडून. बढती मिळालेल्या चौघांपैकी एकाने त्या दगडासमोर भाषण केलं.

३

लढाई संपल्यावर सासऱ्यांनी हट्टाने हीच जागा भाड्याने घेतली. कुणी कारण विचारलं तर म्हणायचे, हवा चांगली आहे.

त्यांचं म्हणणं एकच होतं. माझा मुलगा पळालेला नाही. मरेपर्यंत तिथेच उभा राहिला. ते अर्ज करत राहिले, नाव दगडावर घ्या म्हणून. अर्ज सुनेनेच टाइप केले. आता ती नगर कचेरीत टायपिस्ट होती, अर्ज कसा लिहायचा ते तिला चांगलं ठाऊक होतं.

पण त्या अकरा वर्षांत एक गोष्ट तिने कधी तोंडातून बाहेर काढली नव्हती. तिला मनातून वाटायचं की तो पळाला असावा. पळाला असेल तर जिवंत असेल. कुठल्या तरी दूरच्या गावात, दुसऱ्या नावाने, दुकानात गल्ल्यामागे बसत असेल. पोट सुटलं असेल. दुसरी बायकोही असेल, आणि तिच्याशीही कमीच बोलत असेल. तिने त्या बायकोला चेहरा दिला होता, घराला पडदे लावले होते. बसमध्ये कुणी पाठमोरा तसा दिसला की ती दोन थांबे पुढे जाऊन उतरायची.

सासरे ताठ मानेने मेलेला मुलगा मागत होते. तिला भ्याड का होईना, जिवंत नवरा हवा होता. रोज एकाच टेबलावर ती दोघं जेवत होती, आणि याबद्दल अवाक्षर निघत नव्हतं.

४

गच्चीवर ऊन होतं. कठड्यावर राखी रंगाचं कबुतर बसलं होतं, पंखांवर दोन काळे पट्टे. सासऱ्यांनी डबा खाली ठेवला, ओठ मिटून बारीक आवाज काढला आणि कबुतर चालत चालत त्यांच्या तळव्यावर आलं. पायात वळं होतं. त्यांनी आकडा वाचला, पुन्हा वाचला.

"पहिलं," ते म्हणाले.

नळीतून चिठ्ठी निघाली. तीन घड्या आणि एक कोपरा बाहेर दुमडलेला, चिमटीत चटकन यावा म्हणून. ही घडी बापाने लेकाला शिकवली होती, आणि लेकाने बायकोला. तिघांशिवाय कुणालाच ती येत नव्हती.

जागेवर आहोत. तार तुटली. आदेश?

खाली तारीख होती, ढाबळ हलवल्याच्या दुसऱ्या दिवसाची. अकरा वर्षांपूर्वीची.

तिने स्वतःला समजावलं. कबुतरं पंधरा वर्षंही जगतात. कुणीतरी पकडून ठेवलं असेल, आता सुटलं असेल. नळी पत्र्याची आहे, आत कागद टिकतो. यात अशक्य असं काय आहे?

मग तिने बोटाकडे पाहिलं. शिसपेन्सिलीचं काळं बोटाला लागलं होतं. अक्षरांवरून अंगठा फिरला तशी अक्षरं पसरली होती, आत्ताच लिहिलेली पसरतात तशी. आणि कबुतराच्या नख्यांत तांबडा चिखल होता. ओला. महिनाभर पाऊस नव्हता.

"बाबा, ही तुम्ही लिहिलीत का?"

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. "माझा हात कापतो, पोरी," ते म्हणाले. "मला एवढी सरळ ओळ येते का?"

कबुतराने दाणे खाल्ले, पाणी प्यायलं आणि ते उडालं. टेकडीच्या दिशेने गेलं. सासरे बराच वेळ तिकडे बघत राहिले.

"हे असं करत नाहीत," ते म्हणाले. "यांना घरी येणं कळतं. जाणं नाही."

५

सोमवारी तिने घरातल्या सगळ्या पेन्सिली मोजून पर्समध्ये टाकल्या आणि कचेरीत नेल्या. पुढच्या शनिवारी, चार वाजून वीस मिनिटांनी, घंटी वाजली.

दुसरं कबुतर कबरं होतं. चिठ्ठी तशीच दुमडलेली.

पहिल्याचं उत्तर नाही. जागेवर आहोत. पाणी उद्यापुरतं. आदेश?

तारीख पहिल्या चिठ्ठीच्या दुसऱ्या दिवसाची. म्हणजे तिथला एक दिवस इथे आठवडाभर चालत होता. तिने कागद उलटून पाहिला. मागे कोरा. तिने तो उजेडासमोर धरला, नाकाशी नेला. तिच्यासाठी एक शब्दही नव्हता. नसणारच, सरकारी निरोपात बायकोला काय लिहायचं. तरी तिला रडू आलं, आणि कबुतराच्या समोर रडायची लाज वाटून ती कपड्यांच्या दोरीमागे गेली.

सासरे मात्र उजळले होते. "बघितलंस? जागेवर आहोत. दोनदा लिहिलंय. पळाला म्हणतात. कुठे पळाला? आता जातो हे घेऊन नाक्यावर, त्यांच्या तोंडावर टाकतो."

"आणि सांगणार काय? आज आलं म्हणून?"

त्यांनी चिठ्ठी पुन्हा तीन घड्यांत दुमडली.

संध्याकाळी खाली रस्त्यावर उतरताना तिला इमारतीच्या दारावर डकवलेला कागद दिसला. धोकादायक इमारती, बारा भूखंड क्रमांक, पाडण्याची तारीख. कागदावरचा प्रत्येक 'ळ' ओळीच्या किंचित खाली बसला होता. तो 'ळ' तिच्याच मशीनचा. वसंतात कधीतरी तिनेच ही यादी टाइप केली होती. नुसते आकडे होते. बारांपैकी एक आपलं घर, हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

तारीख होती पुढच्या आठवड्यानंतरचा सोमवार.

६

"हेडसाहेब, या यादीवर सही कुणाची?"

हेडक्लार्कने चष्मा कपाळावर चढवला. "बाई, तुम्ही टाइप करता की वाचता? दोन्ही एकदम करायला लागलात तर ही कचेरी बंद पडेल."

"आमचं घर आहे त्यात."

"अरेरे." ते खरंच हळहळले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी फाईल काढली, कागद खिडकीकडे तिरका धरला. "ही सही... ही काही मोठ्या साहेबांची नाही. इंजिनिअरची पण नाही वाटत. 'आदेशावरून' लिहिलंय आणि खाली हे कोंबडीचे पाय."

"पण इमारत धोकादायक आहे, हे बघितलं कुणी?"

"कागद आला म्हणजे कुणीतरी बघितलंच असणार."

"आणि कुणीच बघितलं नसेल तर?"

हेडक्लार्कने फाईल मिटली, नाडी बांधली. "बाई, बारा वर्षं राहिली माझी नोकरीची. मला हे असलं विचारू नका. तुमची मुदत वाढवून बघतो. पण ते वाढवायला आधी ही सही कुणाची ते कळायला हवं ना."

ती मशीनपाशी येऊन बसली. आदेश कसा तयार होतो हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? क्रमांक, दिनांक, विषय, दोन ओळी, 'आदेशावरून', आणि खाली कुणाचीही न वाटणारी एक सही. एवढ्यावर ढाबळ अठरा मैल मागे गेली होती. एवढ्यावर सव्वीस माणसं टेकडीवर राहिली होती. मग एवढ्यावर ती परत का येऊ नयेत?

७

"नाही," सासरे म्हणाले. "मुळीच नाही."

"उत्तर नाही म्हणून तो थांबलाय, बाबा. उत्तर देऊ."

"तू कोण देणार? तुला अधिकार काय? खोट्या आदेशावर चौकी सोडली तर तो खराच पळपुटा ठरेल. अकरा वर्षं मी कशासाठी बसलो इथे?"

"दगडासाठी."

त्यांचा हात टेबलावर आपटायला उठला आणि अर्ध्यातच थांबला.

"तुम्हाला दगडावर नाव हवंय," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मला माणूस हवाय. मी तेव्हा इथे थांबले असते तर त्याला उत्तर मिळालं असतं. मी लॉरीत चढले. तुम्ही चढ म्हणालात, मी चढले. आता उतरते."

सासरे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. शनिवारपर्यंत ते तिच्याशी कामापुरतंच बोलले, चहा, चष्मा, औषध.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तिने आदेश टाइप केला. चौकी सोडा. सर्वांनी परत यावे. खाली 'आदेशावरून'. सही करताना हात अजिबात कापला नाही, याचं तिला नवल वाटलं. सही दिसायला हुबेहूब त्या यादीवरच्या सहीसारखी झाली. कोंबडीचे पाय.

शनिवारी चार वाजून वीस मिनिटांनी तिसरं कबुतर आलं. पांढरट, छाती धपापत होती, एक पीस मोडलेलं. चिठ्ठीच्या पुढच्या बाजूला एकच शब्द होता.

आदेश?

तिने सवयीने उलटून पाहिलं. मागे लिहिलेलं होतं, बारीक अक्षरात, कोपऱ्याला.

घंटी ऐकू येत नाही का?

ती तिथेच गच्चीवर बसली. सासऱ्यांनी चिठ्ठी तिच्या हातातून घेतली, डोळ्यांशी धरली, बराच वेळ वाचली. एवढा वेळ लागावा इतकं त्यात नव्हतं.

"तुला विचारतोय," ते म्हणाले.

मग त्यांनी कबुतर दोन्ही हातांत धरलं, पोट वर, पाय तिच्याकडे.

"बांध. पीळ सैल ठेव, नाहीतर त्याला काढता यायचा नाही."

८

रविवारी दुपारी दोघं स्वयंपाकघरात बसून होती. सोमवारी माणसं येणार होती, त्यामुळे सामान बांधून झालेलं. पातेली पोत्यात, गाद्या दोरीने आवळलेल्या. घंटी तेवढी भिंतीवर. कबुतरं शनिवारची, त्यामुळे आज ती वाजायची नव्हती. वाजलीही नाही.

चार वाजून गेले आणि वर गच्चीवर काहीतरी टेकल्याचा आवाज झाला. पोतं टाकावं तसा. मग दुसरा. मग गच्चीचं दार, ज्याची कडी तिने स्वतः आतून लावली होती, उघडलं.

जिन्यावर बूट वाजला.

त्यांच्या दारावरून जिना गच्चीकडून खाली रस्त्यावर जातो. बूट एकेक पायरी उतरत आले, दमलेल्या माणसाचे, दर पायरीवर दोन्ही पाय टेकवत. दारापाशी आले. पुढे गेले. मग दुसरे. तिसऱ्याचा एक पाय ओढत होता. कुणी खोकलं. कुणाचा तरी पत्र्याचा पेला कमरेला लागून किणकिणत होता. बोलत कुणीच नव्हतं. दाराच्या फटीतून वास आला, ओल्या मातीचा आणि ओल्या लोकरीचा.

सासरे उठून उभे राहिले होते. टाचा जुळवलेल्या, हात कपाळाशी. हात कापत होता, तरी त्यांनी तो खाली घेतला नाही.

दारावर काचेची एक अरुंद पट्टी होती, खडबडीत काचेची. पलीकडून काहीतरी मळकट सरकत होतं, थांबत होतं, सरकत होतं. एकदा कठड्यावरचा हात काचेजवळ आला. बोटांना पट्टी गुंडाळलेली. ती पट्टी पाहून तिला एवढंच वाटलं की हा त्याचा हात नाही. त्याची बोटं लांब होती.

ती मोजत होती. ओठ हलवत, आवाज न करता. बावीस. तेवीस. चोवीस थांबला, बहुधा श्वास घ्यायला, आणि गेला. पंचवीस.

मग जिना गप्प झाला. खालच्या फाटकाचा आवाज आला आणि रस्त्यावरची रोजची रहदारी पुन्हा ऐकू यायला लागली.

तिने दार उघडलं. जिन्यावर कुणी नव्हतं. प्रत्येक पायरीवर तांबडा चिखल होता, वरून खाली. ती वर धावली. गच्ची रिकामी. ती खाली आली, पुन्हा वर गेली.

"पंचवीसच," ती म्हणाली. "बाबा, पंचवीसच."

सासऱ्यांनी हात खाली घेतला होता. "राखीव कबुतर त्याच्यापाशी आहे," ते म्हणाले. "सगळे निघाल्यावर तो ते सोडणार. मग निघणार. मीच शिकवलंय त्याला."

"कधी?"

"दुसऱ्या दिवशी, म्हणजे..." त्यांनी हिशेब केला आणि खाली बसले. "शनिवारी."

९

सोमवारी आठ वाजता मुकादम आठ माणसं घेऊन आला. आल्या आल्या जिन्यावर घसरला.

"कुणी बरबटवलाय जिना? पाडायच्या घरात पण लोकांना धड वागता येत नाही."

"शनिवारपर्यंत थांबा," ती म्हणाली. "पाच दिवस. खालचे मजले पाडा हवं तर, गच्ची राहू द्या."

"बाई, इमारत वरून पाडतात. खालून पाडली तर आम्ही कुठे जाणार?" त्याची माणसं हसली. त्याने खिशातून कागद काढला. "सोमवार लिहिलंय. मला काय, मी मंगळवारी येतो. पण कागद बदलून आणा."

"यावर सही कुणाची आहे, सांगाल?"

मुकादमाने कागद लांब धरला, जवळ धरला. "असेल कुणाची तरी."

सासरे त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. कधीकाळी साहेबांसमोर उभे राहिले होते तसेच. "एक जण यायचा आहे अजून," ते म्हणाले.

"मग त्याला पत्ता कळवा, आजोबा," मुकादम म्हणाला. वाईट हेतूने नाही. सोपा उपाय वाटला म्हणून.

दुपारी बारापर्यंत कठडा गेला. संध्याकाळी गच्ची. गुरुवारपर्यंत तिसरा मजला, शुक्रवारी उरलेलं सगळं. तिने कचेरीत रजा टाकली नाही, ती रोज गेली, रोज विचारलं. सही ओळखणारा माणूस कचेरीत सापडला नाही. घंटी तिने निघतानाच भिंतीवरून काढून घेतली होती, तारेचं वीतभर तुटकं टोक तिला तसंच लोंबत होतं.

शनिवारी दोघं समोरच्या फुटपाथवर उभी राहिली. पलीकडे विटांचा ढीग, त्यावर मोकळं आकाश. सासरे हातात दाण्यांचा डबा घेऊन आले होते.

चार वाजून वीस मिनिटांनी तिच्या पिशवीत घंटी वाजली.

तिने पिशवीत पाहिलं नाही. वर पाहिलं. टेकडीच्या बाजूने एक पाखरू आलं, काळसर, दमलेलं, एकदा ढिगाभोवती फिरलं आणि उतरलं. ढिगावर नाही. वर, तीन मजल्यांच्या उंचीवर, जिथे काहीच नव्हतं तिथे. पंख मिटले. मान हलवली. मग चालायला लागलं, एका सरळ रेषेत, पावलं मोजत, जिथे कठड्याचा कोपरा असायचा तिथे वळलं आणि परत चालत आलं.

"चौथं," सासरे म्हणाले. त्यांनी ओठ मिटून तो बारीक आवाज काढला. कबुतराने मान वाकडी करून खाली पाहिलं. आलं मात्र नाही. त्याच्या लेखी ते घरीच पोचलं होतं. आता कुणीतरी वर यायचं होतं.

पायात नळी होती. इतक्या खालूनही त्या नळीवर ऊन चमकत होतं.

आज याला सात महिने झाले. ढिगाच्या जागी पत्र्याचं कुंपण आहे, आत काही बांधलेलं नाही. वर कबुतर अजूनही येरझारा घालतं. टेकडीवरच्या पंचवीस जणांबद्दल कुणी काही बोलत नाही, दगडावर नावं होती तेवढीच आहेत. ती दोघं दोन गल्ल्या पलीकडे तळमजल्यावर राहतात. घंटी रोज चार वाजून वीस मिनिटांनी वाजते. शनिवारी ती कुंपणाशी जाऊन उभी राहते, कुणी कामावरून शिडी नेत असेल तर त्याला थांबवते, किती उंचीची म्हणून विचारते. तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचेल अशी शिडी त्यांच्यापाशी असते. टेकवायला भिंत नसते.

नळीतली चिठ्ठी कुणी वाचलेली नाही.

तिने दोन कागदांबद्दल अर्ज केला आहे. एक अकरा वर्षांपूर्वीच्या लष्करी दप्तरातला, ढाबळ मागे नेण्याचा. दुसरा नगर कचेरीचा, इमारत पाडण्याचा. दोन्हींत प्रश्न एकच आहे: खालची सही कुणाची? अर्ज पोचल्याची पावती आली आहे. तिच्यावरही तशीच सही आहे.